शुभवर्तमानाची चित्रे आणि फाळक्यांचा हरिश्चंद्र

१९८१ साली प्रदर्शित झालेल्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या अमेरिकन चित्रपटाच्या पूर्वार्धात एक लहानसा प्रसंग आहे. पुराणवस्तुशास्त्राचा प्राध्यापक असलेला नायक सरकारी अधिकाऱ्यांपुढे एक जाडजूड जुना ग्रंथ उघडतो आणि त्यातील पानभर चित्र त्यांना दाखवतो. इस्राएली लोक कराराचा कोश वाहून नेत आहेत, कोशातून प्रकाशाचे लोळ उसळत आहेत आणि शत्रुसैन्य त्यापुढे कोसळत आहे. चित्र जुन्या कोरीव ठशाच्या धाटणीचे असल्यामुळे ते शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या सचित्र बायबलातूनच घेतले असावे, असे कोणालाही वाटावे. वस्तुतः ते त्या चित्रपटासाठीच काढलेले होते. 'स्टार वॉर्स'च्या कल्पनाचित्रांमुळे ख्याती पावलेले राल्फ मॅक्वॉरी हे त्याचे चित्रकार. त्यांनी एकोणिसाव्या शतकातील गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराची लकब हुबेहूब उचलली होती. पुढे त्याच चित्रपटात पडद्यावर येणारा सोन्याचा कोश पाहावा, तर तो दोरेनंतरच्या जेम्स तिसो या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराच्या जलरंगातील कोशाशी विलक्षण मिळताजुळता आहे.

म्हणजे चित्रपटाने ग्रंथाचे एक खोटे पान रचले, त्या पानाने एका चित्रकाराचे वळण उसने घेतले आणि कोशाचा आकार दुसऱ्या चित्रकाराशी नाते सांगत आला. ग्रंथ, चित्र आणि चित्रपट यांचा हा लपंडाव सहज गंमत म्हणून पाहून सोडून द्यावा असा वाटतो खरा. परंतु त्याचे जुने डाव तपासत गेलो, तर वाट थेट आपल्या महाराष्ट्रात, लोणावळ्याच्या शिळाछापखान्यापर्यंत आणि मुंबईच्या गिरगावापर्यंत येऊन पोहोचते.

या खेळाचे मूळ शुभवर्तमानाच्या मितभाषीपणात आहे. प्रभू येशूची उंची किती, वर्ण कसा, केस कसे, याविषयी चारही शुभवर्तमानकार एक अक्षर लिहीत नाहीत. संत लूक गव्हाणीचा उल्लेख करतो, पण गव्हाणीपाशी बैल आणि गाढव होते असे तो म्हणत नाही. ते दोन प्राणी यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून आले आणि ख्रिस्ती परंपरेने त्यांना गोठ्यात बांधले. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची संख्या संत मत्तय देत नाही. भेटवस्तू तीन म्हणून माणसेही तीन ठरली. दिमिष्काच्या वाटेवर शौल भूमीवर पडला असे प्रेषितांची कृत्ये सांगतात. घोडा मात्र चित्रकारांनी दिला. आणि क्रूसाच्या वाटेवरील आपले सहावे स्थान, वेरोनिकेचे, कोणत्याच शुभवर्तमानात नाही. ग्रंथाने जेथे जागा मोकळी सोडली, तेथे कुंचला शिरला. त्याने ग्रंथाचा अवमान केला असे मी म्हणणार नाही. ज्याला उपाशी माणसाला जेवू घालण्याचे दृश्य रंगवायचे आहे, त्याला त्या माणसाचे नाक कसे होते हे ठरवावेच लागते. शब्दाला जे टाळता येते, ते रेषेला टाळता येत नाही.

गुस्ताव दोरे १८३२ साली स्त्रासबूर येथे जन्मला आणि १८८३ साली पॅरिसमध्ये वारला. दान्ते, सर्व्हांतेस, मिल्टन असे थोर ग्रंथकार त्याने एकामागून एक सचित्र करून सोडले होते. १८६६ साली फ्रान्समधील तूर या नगरातील माम या प्रकाशनसंस्थेने त्याचे सचित्र बायबल काढले. सव्वादोनशेंहून अधिक पानभर चित्रे त्यात आहेत. दोरे लाकडी ठोकळ्यावर चित्र काढी आणि निष्णात कोरक्ये ते कोरून काढीत; चित्रातले पांढरे तेवढे खोदायचे आणि काळे उठावात ठेवायचे, असे ते काम. रंग नाही, तरीही या चित्रांत प्रकाशाचे जे नाट्य आहे ते थक्क करणारे आहे. पुढचे लोक काळोखात उभे, मधोमध एक मनुष्य झोतात उभा, मागे अवाढव्य खांब, भिंती आणि आकाश भरून टाकणारे ढग. चित्रपटाचा जन्म अद्याप तीस वर्षे दूर होता, परंतु हजारो माणसांचा जमाव एका चौकटीत कसा बसवावा याचा वस्तुपाठ दोरेने आधीच घालून दिला होता. लंडनमध्येही त्याच्या बायबलाची आवृत्ती निघाली, आणि इंग्रजी जाणणाऱ्या कुटुंबांतून हा ग्रंथ वाचण्यापेक्षा पाहण्यासाठी अधिक उघडला जात असावा.

तिसोची कथा निराळी आहे. १८३६ साली नाँत येथे जन्मलेला हा चित्रकार बरीच वर्षे लंडनमध्ये राहून उच्चभ्रू स्त्रियांची, त्यांच्या रेशमी झग्यांची आणि नौकाविहारांची चित्रे काढून श्रीमंत झाला. १८८५ साली पॅरिसच्या सेंट सुल्पिस या चर्चमध्ये तो एका सांसारिक चित्राच्या तयारीसाठी गेला असता त्याला गूढ अनुभव आला आणि त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. पन्नाशीला टेकलेला हा मनुष्य १८८६ साली पॅलेस्टाइनला गेला, पुन्हा १८८९ मध्ये गेला, आणि तेथील रस्ते, टेकड्या, पेहराव, चेहरे, दिवे, पाण्याचे घडे यांची टिपणे करीत राहिला. त्यातून ख्रिस्तचरित्राची ३५० जलरंगचित्रे सिद्ध झाली. १८९४ साली ती पॅरिसमध्ये मांडली गेली, तेव्हा काही प्रेक्षक चित्रांपुढे गुडघे टेकीत असत, असे सांगतात. १८९६-९७ मध्ये ती ग्रंथरूपाने निघाली; प्रकाशक पुन्हा तेच, तूरचे माम. मूळ चित्रे १९०० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन येथील संग्रहालयाने लोकवर्गणी उभारून विकत घेतली.

तिसोचा एक भ्रम मात्र सांगितला पाहिजे. पूर्वेकडील देशांत काही बदलत नाही, म्हणून आपण पाहिलेले पॅलेस्टाइन हेच प्रभूच्या काळचे पॅलेस्टाइन, अशी त्याची समजूत होती. अठराशे वर्षांत रोमन गेले, बायझंटाइन आले, अरब आले, तुर्क आले, हे त्याने हिशेबात धरले नाही. ही चूक त्याच्या एकट्याची नव्हे. त्या काळचा युरोप आपल्याकडेही त्याच दृष्टीने पाहत होता. तथापि या भ्रमातूनही त्याने एक चित्र असे काढले की ज्याला आधी जोड नव्हती. क्रूसावरून प्रभूला काय दिसले, हा त्या चित्राचा विषय. येथे क्रूस दिसत नाही, कारण आपण त्यावरूनच खाली पाहत आहोत. तळाशी पावलांची बोटे तेवढी दिसतात. त्यापलीकडे मान वर करून पाहणारी मग्दालिया, माता मारिया, योहान, घोड्यावरचे अधिकारी, शास्त्री आणि नुसतेच बघे. शतकानुशतके आपण ज्याच्याकडे पाहत आलो, तो आपल्याकडे पाहतो आहे. पात्राच्या डोळ्यांनी प्रेक्षकाला दृश्य दाखवणे ही चित्रपटाची खास युक्ती मानली जाते. ती तिसोने कागदावर साधली होती. १९२७ साली सेसिल डी मिल यांनी 'द किंग ऑफ किंग्ज' काढला, तेव्हा त्यांनी प्रभूचे प्रथम दर्शन असेच घडवले. एक आंधळी मुलगी बरी होत आहे. आधी काळोख, मग धूसर उजेड आणि त्या उजेडातून हळूहळू साकारणारा प्रभूचा चेहरा. आपण तो तिच्या डोळ्यांनी पाहतो. डॅनियल लॉर्ड हे येशूसंघीय धर्मगुरू या चित्रपटाचे सल्लागार होते.

आता चलच्चित्रांच्या आरंभाकडे वळू. १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी चित्रे हलवून दाखवली आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच ख्रिस्ताचे दुःखसहन पडद्यावर आले. इतकी घाई का? कारण उघड आहे. त्या काळी चित्रपट मुके होते आणि काही मिनिटांतच संपत. ज्याची कथा प्रेक्षकाला आधीच पाठ आहे असाच विषय त्यांना हवा होता; आणि केवळ कथा नव्हे, प्रेक्षकाला तिची चित्रेही पाठ असली तर अधिकच उत्तम. दोरे आणि तिसो यांनी ती पाठ करून ठेवली होती. न्यूयॉर्कमध्ये १८९८ च्या आरंभी ओबरआमरगाउ या बव्हेरियन गावच्या सुप्रसिद्ध दुःखसहन-नाट्याचा म्हणून एक चित्रपट दाखवला गेला. तो प्रत्यक्षात न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर चित्रित केलेला होता! जॉर्ज मेलिएस या जादूगार दिग्दर्शकाने १८९९ साली प्रभूला पाण्यावरून चालवले. त्याच्या दृष्टीने ती एक उत्तम हातचलाखी होती. श्रद्धा आणि करमणूक यांची सीमारेषा तेव्हाही फारशी ठळक नव्हती.

या सुरुवातीच्या ख्रिस्तचरित्रांची बांधणी पाहिली की ती थेट ग्रंथातून उतरल्याचे ध्यानात येते. पाथे कंपनीचे चित्रपट सुट्या दृश्यांचे बनलेले असत आणि खेळ करणाऱ्याला हवी तेवढी दृश्ये विकत घेता येत. एखाद्याने गव्हाणी घ्यावी, दुसऱ्याने क्रूस घ्यावा. प्रत्येक दृश्याआधी त्याचे शीर्षक दिसे, जसे पानावर चित्राखाली असते. मग कॅमेरा एका जागी खिळून राही आणि नट त्याच्यापुढे चित्रातल्याप्रमाणे मांडले जात. रंगही हातांनी भरले जात. कारखान्यात बसलेल्या स्त्रिया फिल्मच्या इवल्याशा चौकटींतून आकार कापून काढीत आणि त्या साच्यांतून एकेक रंग चढवीत. सचित्र ग्रंथाची पाने उलटावीत तसा तो चित्रपट उलटत जाई, एवढेच की पान उलटण्याआधी त्यातली माणसे थोडी हलत.

१९०६ साली गोमाँ कंपनीसाठी ॲलिस गी या दिग्दर्शिकेने ख्रिस्ताचा जन्म, जीवन आणि मृत्यू यांवर पंचवीस दृश्यांचा, सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट केला. तीनेकशे माणसे त्यात कामाला होती. तिसोचा ग्रंथ तिच्यापुढे उघडा होता. नेपथ्य, वस्त्रे, माणसांची मांडणी त्याच्यावरून घेतलेली. तिने मात्र तिसोची नुसती नक्कल केली नाही. तिच्या चित्रपटात स्त्रिया जागोजागी आहेत: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, याइराची मुलगी, वेरोनिका, क्रूसाच्या वाटेवर रडणाऱ्या बायका. गोलगोथाच्या चढावर तर कॅमेरा दृश्यमंडपाबाहेर पडून खऱ्या खडकांत जातो आणि मिरवणुकीबरोबर वळतो. चित्राची चौकट तेथे मोडते. जगातील पहिल्या चित्रपट-दिग्दर्शिकेच्या या कामाचे श्रेय पुढे बरीच वर्षे तिच्या सहायकाच्या नावावर मांडले गेले, हेही नोंदवून ठेवावे. आणखी सहा वर्षांनी, १९१२ साली, सिडनी ऑल्कॉट यांनी तिसोची चित्रे सोबत घेऊन थेट इजिप्त आणि पॅलेस्टाइन गाठले. त्यांच्या चित्रपटात पवित्र कुटुंब पिरॅमिड आणि स्फिंक्सच्या सावलीत विसावताना दिसते. म्हणजे चित्रकार जागा पाहून आला, त्याने चित्रे काढली, आणि ती चित्रे घेऊन चित्रपट त्याच जागी परतला.

असाच एक ख्रिस्तचरित्राचा चित्रपट मुंबईत गिरगावातील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'च्या तंबूत दाखवला गेला आणि प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके बसले होते. काही अभ्यासक हा दिवस १९१० च्या नाताळातला मानतात, काही १९११ च्या ईस्टरचा. चित्रपट ॲलिस गी यांचाच होता असेही काहींचे म्हणणे आहे. दिवस कोणताही असो, फाळके यांनी स्वतः १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहून ठेवलेली हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते. आपल्या देवांना आपली माणसे असे कधी पाहणार, या प्रश्नाने त्यांना झपाटले. तोच खेळ त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखवला.

ख्रिस्तचरित्राने भारतीय चित्रपटाला जन्म दिला, असे आपल्या मंडळींत अधूनमधून अभिमानाने बोलले जाते. हा अभिमान मला अर्धाच पटतो. त्या खेळाने फाळक्यांना प्रश्न दिला. उत्तर त्यांच्या हाती आधीपासून होते, आणि ते छापखान्यातून आलेले होते. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांनी छायाचित्रण केले, नेपथ्य रंगवले, जादूचे प्रयोग केले. आणि लोणावळ्यानजीकच्या राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्यासाठी छायाचित्रणाच्या साहाय्याने ठसे करून दिले. रविवर्म्यांचा हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये मळवलीस हलला. तेथे एकेका रंगाची निराळी शिळा करीत. तोच कागद त्या शिळांखालून पुन्हापुन्हा जाई आणि अखेरीस लक्ष्मी किंवा सरस्वती सर्व रंगांनिशी प्रकटे. याच चित्रांनी देवदेवतांना सर्वसामान्यांच्या भिंतीवर आणून बसवले. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत ज्यांना जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्या घरीही ती गेली. आपल्या घरांतील पवित्र हृदयाची तसबीरही अशीच आली आहे. पोंपेओ बातोनी याने १७६७ साली रोममधील जेझू चर्चसाठी रंगवलेल्या चित्राची ती छापील वंशज.

तेव्हा फाळके त्या तंबूत बसले ते चित्राच्या हजारो प्रती कशा निघतात हे जाणणारे मुद्रक म्हणून. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीला जाऊन आले होते. पडद्यावर जे हलत होते ते मूळचे छापील चित्र आहे, हे इतर प्रेक्षकांपेक्षा त्यांनी लवकर ओळखले असावे, असे मला वाटते. युरोपात दोरे-तिसो यांनी जे काम केले होते, ते आपल्याकडे रविवर्म्यांनी केले होते: लोकांना चित्रे पाठ होती. उरली होती ती फक्त हालचाल.

ती मिळवण्यासाठी ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले, आणि आधी एका कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ रोज थोडीथोडी टिपत त्यांनी एक लघुचित्र केले. ते पाहून पैसा देणारा मिळाला. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याचे उपलब्ध भाग पाहावेत: राजा, राणी आणि बालक यांची पहिलीच मांडणी रविवर्म्यांच्या चित्रासारखी समोरासमोर, स्थिर. मग चित्र हलते.

या सगळ्यात मला जी गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते, ती फाळक्यांच्या आधी तीनशे वर्षे घडलेली आहे. गोव्यात १५७९ साली आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे नेमका उलटा प्रश्न उभा राहिला होता. साष्टीतील नवख्रिस्ती मंडळींना पुराणश्रवणाची सवय होती. धर्मांतरानंतर पुराणे त्यांच्या हातून गेली होती, काढून घेतली गेली होती, आणि त्यांच्या जागी तसे रसाळ काही मिळाले नव्हते. 'ख्रिस्तपुराणा'त ही मागणी एका ब्राह्मणाच्या तोंडून मांडलेली आहे. फादर स्टीफन्स यांनी ती मानली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांत, अस्सल मराठी पुराणाच्या साजात, ख्रिस्तकथा सांगितली. १६१६ साली रायतूर येथे ती छापली गेली. त्या ग्रंथाला चित्रांची जोड नव्हती. परंतु ज्यांनी तो ऐकला त्यांच्यापुढे चित्रे उभी राहिली, ती त्यांच्या स्वतःच्या डोंगरांची, फुलांची आणि घरांची.

१६१६ मध्ये ख्रिस्तकथेने पुराणाचे रूप मागून घेतले. १९१३ मध्ये पुराणकथेने ख्रिस्तकथेकडून पडदा मागून घेतला. या दोन्ही देण्याघेण्यांत कोणी कोणाचे ऋण फेडले, असा हिशेब मांडण्यात मला स्वारस्य नाही, आणि पहिल्या देण्याघेण्यामागे सक्तीची छाया होती हेही विसरता येत नाही. पण मराठी माणसाच्या बाबतीत हे दोन्ही घडले, आणि त्यांत सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे.

फाळक्यांचे पुढचे चित्रपट अधिक धिटाईचे झाले. १९१९ च्या 'कालियामर्दना'त त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्याआधी १९१७ च्या 'लंकादहना'त अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोघांची कामे केली. साळुंके पूर्वी एका उपाहारगृहात आचारी होते. 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीही तेच झाले होते, कारण चित्रपटात काम करायला त्या वेळी स्त्री मिळत नव्हती. मुंबईत 'लंकादहन' लागला, तेव्हा पडद्यावर राम येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. काही क्षणांनी तोच नट लुगडे नेसून अशोकवनात बसलेला दिसे, आणि लोक त्यालाही हात जोडीत.